विश्वविजेत्या मुली आणि घरातला संध्याकाळचा तास

१९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात भारताच्या मुलींनी नेपाळचा ७८-४० असा पराभव करून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. त्याच आठवड्याच्या आरंभी, १२ तारखेला, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी होती. १३ तारखेला दिल्लीत स्पर्धा सुरू झाली आणि संक्रांतीच्या दिवशी आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले. पुढे इराण १००-१६, मलेशिया १००-२०, उपान्त्यपूर्व फेरीत बांगलादेश १०९-१६, उपान्त्य फेरीत दक्षिण आफ्रिका ६६-१६ आणि रविवारी नेपाळ. सहा दिवसांत सहा सामने झाले आणि सहाही जिंकले.

हे आकडे एकतर्फी आहेत, हे मान्य केले पाहिजे. महिला गटात १९ संघ होते आणि त्यांतल्या अनेक देशांना हा खेळ नवा होता. मात्र अंतिम सामना तसा नव्हता. आक्रमणाची पहिली पाळी भारताची होती. ती संपली तेव्हा गुणफलक ३४-० असा होता. नेपाळच्या मुलींनी त्यांच्या पाळीत झुंज देऊन तो ३५-२४ वर आणला. तिसऱ्या पाळीत भारताने पुन्हा झडप घातली आणि ७३ गुण केले. शेवटच्या पाळीत कर्नाटकच्या चैत्रा बी. हिच्या तुकडीने पाच मिनिटे चौदा सेकंद नेपाळच्या हाती न लागता मैदान राखले आणि सामना संपला. इतका वेळ दोन खांबांमध्ये जीव तोडून पळायचे, थांबायचे, गिरकी घ्यायची, पुन्हा पळायचे, ही गोष्ट किती कठीण आहे हे ज्यांनी लहानपणी खो-खो खेळला आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

संघाचे नेतृत्व प्रियांका इंगळे हिच्याकडे होते. मूळ बीड जिल्ह्यातल्या कुटुंबातली ही मुलगी पुणे परिसरात वाढली आणि खेळली. धाराशिवची अश्विनी शिंदे आणि रेश्मा राठोड याही आपल्याच राज्याच्या. गुजरातच्या डांगसारख्या आदिवासी भागातून ओपिना भिलार आली होती. नावे वाचत गेले की लक्षात येते, या संघाची मुळे महानगरांतल्या महागड्या क्रीडा-अकादमींत फारशी नाहीत. ती शाळेच्या पटांगणात आणि गावातल्या क्रीडा मंडळाच्या मातीत आहेत.

आरोग्यविषयक पाक्षिकात, तेही ज्येष्ठ वाचकांसाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी लिहिताना, एका क्रीडाविजयाची चर्चा का, असा प्रश्न पडू शकेल. त्याचे एक सोपे उत्तर असे की हा खेळ आपला आहे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखवली, हा तर आपल्या वऱ्हाडाचा अभिमान. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापूरला झाली. म्हणजे आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेल्या आज्या तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. शाळेच्या मैदानावर परकर खोचून पळालेल्या, पुढे लग्न झाल्यावर तो विषयही न काढलेल्या स्त्रिया प्रत्येक गावात आहेत.

दुसरे उत्तर थोडे अधिक अवघड आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे. मैदानावर पळणाऱ्या मुलीची हाडे आणि माजघरात भिंतीचा आधार घेत चालणाऱ्या आजीची हाडे यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो. जमा एका वयात होते, खर्च दुसऱ्या वयात. आणि जमेच्या वयात मुलीला मैदानावर जाऊ द्यायचे की नाही, याचा निर्णय बऱ्याचदा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दावर ठरतो.

प्रथम हा खेळ शरीराकडून काय मागतो ते पाहू. खो-खोत आठ खेळाडू एका ओळीत, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून, उकिडवे बसलेले असतात. नववी पळत असते. पाठीमागून 'खो' मिळाला की बसलेलीने तत्क्षणी उठून धावायचे. एकदा दिशा धरली की उलटे फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. म्हणून वळायचे तर खांबापर्यंत जावे लागते. या एका कृतीत मांड्यांचे आणि नितंबांचे बळ, घोट्यांची लवचीकता, कानाने ऐकून पायाने उत्तर देण्याची चपळाई आणि अंगाचा तोल या सगळ्यांची कसोटी लागते. पळणाऱ्या बाजूला तर क्षणोक्षणी हुलकावणी द्यावी लागते, म्हणजे वेगात असताना थांबून अंग दुसरीकडे टाकावे लागते. धावणे, थांबणे, वळणे, सूर मारणे, जमिनीवर आपटून पुन्हा उठणे हे सारे एका पाळीत कितीदा तरी होते.

हाडांना नेमके हेच हवे असते. हाड ही घराच्या तुळईसारखी निर्जीव वस्तू नाही. तिथे जुने झिजवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. ज्या हाडावर जोराचा, झटक्याचा, वेगवेगळ्या दिशांनी भार पडतो तिथे रचणाऱ्या पेशी अधिक कामाला लागतात. म्हणून सायकल किंवा पोहणे हृदयाला उत्तम असले, तरी हाडांना उड्यांचे आणि वळणांचे खेळ जास्त लाभतात. खो-खो, कबड्डी, लंगडी, दोरीवरच्या उड्या आणि बास्केटबॉल हे सारे त्यातले. (बास्केटबॉलचे नाव निघाले म्हणून सांगावेसे वाटते: २०१७ मध्ये बेंगळुरूला भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या ब विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा, अवघ्या दोन गुणांनी, जिंकला होता. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. तो विजय आपल्याकडे फारसा कोणी साजरा केला नाही.)

आता वयाचा मुद्दा. मुलींच्या शरीरात हाडांची भर सर्वांत वेगाने पडते ती साधारण बारा ते चौदा या वयात. मोठेपणी जेवढा हाडांचा साठा असतो त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा त्या दोनच वर्षांत तयार होतो. विशीच्या आसपास हा साठा भरत येतो. पुढे काही वर्षे तो टिकतो आणि पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत झपाट्याने घटू लागतो. ज्या स्त्रीचा साठा मुळात मोठा, तिला ही घट बराच काळ सोसते. ज्या स्त्रीने कमी साठ्यावर संसार सुरू केला, तिची हाडे साठी-पासष्टीतच ठिसूळ होतात. न्हाणीत पाय घसरल्याचे निमित्त होते आणि खुबा मोडतो. त्यानंतरचे महिने कसे जातात ते घरात असा रुग्ण असलेल्या कुणालाही विचारावे.

बारा ते चौदा. आपल्या घरांमध्ये या वयात मुलीचे काय होते? हा लेख मेहकर तालुक्यातल्या डोणगावात बसून लिहितो आहे, म्हणून इथलीच गोष्ट करतो; पण ती एकट्या डोणगावची नव्हे. सातवीपर्यंत मुलगी मुलांच्या बरोबरीने पळत असते. आठवीत गेली की कुणी तरी म्हणते, 'आता मोठी झाली.' पाळी सुरू झालेली असते किंवा होणार असते. संध्याकाळी शाळेनंतर थांबणे बंद होते. घरी येऊन पाणी भरायचे, कणीक मळायची, लहान भावाकडे पाहायचे आणि घरात आजारी आजी-आजोबा असतील तर त्यांचेही करायचे. सोयाबीनच्या आणि तुरीच्या हंगामात आई शेतातून अंधार पडल्यावर येते, तेव्हा ही कामे मुलीशिवाय करणार तरी कोण? कुणाच्याही मनात वाईट नसते. पण हाडे भरण्याची जी दोन वर्षे, नेमकी तीच दोन वर्षे घराच्या चार भिंतींत जातात. त्याच घरातला मुलगा मात्र रोज क्रिकेट खेळून दिवेलागणीला परततो.

यातला एक भाग आपल्याला, म्हणजे ज्येष्ठांना आणि शुश्रूषा करणाऱ्यांना, थेट लागू होतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असले की शुश्रूषेचे काम आईच्या पाठोपाठ नातीच्या वाट्याला येते. औषधाची वेळ, शौचाला नेणे, पाय चेपणे ही कामे ती मायेने करते आणि ते शिकणेही वाईट नाही. पण या कामांतली कोणती पाच ते सहा या वेळेतच झाली पाहिजेत, हे एकदा बसून पाहावे. सायंकाळचे औषध बहुतेक वेळा सातला चालते. डॉक्टरांना विचारून तशी वेळ ठरवता येते. पाय चेपणे रात्री जेवणानंतर होऊ शकते. आजोबांना ओट्यावर आणून बसवणे शेजारच्या मुलालाही जमते, आणि घरातल्या मुलाला तर जमलेच पाहिजे. चहा आजोबा स्वतः करू शकत असतील तर त्यांनी तो करावा. उभे राहून चहा करणे हा त्यांच्याही पायांना व्यायामच आहे. एवढी फेरमांडणी केली तर मुलीचा तास मोकळा होतो. राहिला प्रश्न तिने अंधारात एकटे येण्याचा. ज्या आजोबांना रोज अर्धा तास चालायला डॉक्टरांनी सांगितले आहे त्यांनी शाळेच्या मैदानापर्यंत चालावे, बाकावर बसून खेळ पाहावा आणि नातीला घेऊन परतावे. एका फेरीत दोन कामे होतात.

हा तास कुणाच्या कष्टावर उभा राहतो याचे बोलके उदाहरण धाराशिवच्याच सारिका काळे यांचे आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी सांगितले होते की जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकच वेळ पुरेसे जेवण मिळत असे. वडिलांना शारीरिक मर्यादेमुळे फार कमावता येत नव्हते, आई शिवणकाम करत असे आणि घर चालत होते ते आजी-आजोबांच्या कमाईवर. नीट आहार मिळायचा तो फक्त खेळाच्या शिबिरांत. याच परिस्थितीत एका टप्प्यावर त्यांनी खेळ सोडण्याचाही विचार केला होता. प्रशिक्षकांनी समजूत घातल्यावर त्या परतल्या. वृत्तपत्रांनी ही कथा गरिबीवर मात म्हणून रंगवली. मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटतात ते थकलेल्या वयातही कमावणारे आजी-आजोबा. 'पोरीने खेळून काय होणार' असे म्हणायला त्यांना पुरेशी कारणे होती.

एक वेळच्या जेवणावर खेळणे कौतुकाचे असले तरी अनुकरणीय मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के आहे. म्हणजे खेळायला निघालेल्या दहा मुलींपैकी पाच-सहा जणींचे रक्त मुळातच कमी. अशी मुलगी लवकर दमते, तिला धाप लागते, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, 'बघा, खेळामुळे वाळली.' खेळामुळे नव्हे, लोहाच्या अभावामुळे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलाला २२. गरज तिची जास्त असते आणि ताटात बऱ्याचदा तिला कमी येते, कारण ती शेवटी जेवते.

यावरचे उपाय आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकघरातच आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची किंवा अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे. चालत असेल त्या घरात अंडी, मटण, मासे. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह शरीरात अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. म्हणून जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. लोखंडी कढईत भाजी करण्याची आजीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. ती पुन्हा सुरू करायला हरकत नाही. केवळ गूळ खाऊन रक्त वाढते हा मात्र गैरसमज आहे. हाडांसाठी दूध-ताक, नाचणी आणि तीळ. संक्रांतीला आपण तीळ खातो ते योग्यच, पण चमचा-दोन चमचे भाजलेले तीळ किंवा तिळाची चटणी वर्षभर रोज ताटात असावी. डब्यातल्या महागड्या प्रथिन-पावडरींची शाळकरी मुलीला गरज नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत दहा ते एकोणीस वयाच्या मुलांमुलींसाठी दर आठवड्याला निळी लोहगोळी मोफत मिळते, आणि ठरावीक दिवशी जंताची गोळीही. गोळीने मळमळते म्हणून अनेक मुली ती टाकून देतात. पोटात काही तरी असताना घेतली तर त्रास कमी होतो. शौच काळसर होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. नातीची खरोखरच दमछाक होत असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते फार कमी असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही, उपचार वेगळा असतो.

आता त्या प्रश्नाकडे येऊ जो घरोघरी कुजबुजीत विचारला जातो. पळण्या-उड्या मारण्याने मुलीच्या गर्भाशयाला इजा होते का? नाही. गर्भाशय कटीच्या हाडांच्या कोंदणात, स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने सुरक्षित असते. पाळीच्या दिवसांत खेळता येते का? त्रास होत नसेल तर जरूर येते. अनेकींचे पोटदुखणे हालचालीने हलकेच होते. पुढे मूल होण्यात अडचण येते का? खेळामुळे येत नाही. मात्र एक गोष्ट खरी आहे. खूप सराव आणि अपुरे जेवण अशी जोडी जमली तर शरीर काटकसर करू लागते आणि पाळी थांबते. खेळणाऱ्या मुलीची नियमित पाळी सलग तीन महिने आली नाही, तर 'बरेच झाले, कटकट गेली' असे न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे. पाळी थांबली की हाडांचे नुकसान होऊ लागते. ज्यासाठी मैदानावर पाठवले तेच हातचे जाते.

गुडघ्यांचीही काळजी घ्यावी लागते. वेगात वळताना किंवा उडीवरून उतरताना गुडघ्यातला बंध फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळते. यावरचा उपाय खेळ बंद करणे हा नव्हे. खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करणे, मांड्यांचे आणि नितंबांचे व्यायाम, उडीवरून उतरताना गुडघे वाकवून हलकेच उतरण्याचा सराव एवढे नियमित केले तर अशा दुखापती निश्चित कमी होतात. विश्वचषक मॅटवर खेळला गेला. गावात माती असते. मातीतले खडे वेचून, पाणी मारून मैदान तयार करण्याची जुनी रीत पाळली तर गुडघे-कोपरे सोलवटणे पुष्कळ टळते. पळताना गुडघ्यात 'कट्' आवाज होऊन सूज आली तर मालीशवाल्याकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

इतके वाचून एखाद्या आजीच्या मनात येईल, 'आमचे ते वय गेले, आमच्या जमाखात्याचे काय?' हाडांत मोठी भर घालण्याचे वय गेले हे खरे. पण स्नायूंचे तसे नाही. सत्तरीत, ऐंशीतही स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतात. आणि पडण्यापासून वाचवतात ते मुख्यतः स्नायू आणि तोल. पासष्टीच्या पुढच्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातल्या कितीतरी पडण्यांचे मूळ बसलेल्या जागेवरून उठण्यात आणि एकाएकी वळण्यात असते. म्हणजे तेच, जे खो-खोतली मुलगी 'खो' मिळाल्यावर करते.

आपले बळ घरीच मोजता येते. हात नसलेली, पक्की, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यावी. हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. जवळ कुणी तरी उभे असले पाहिजे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा आणि त्याच वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा जमले, तर पायांतले बळ घटले आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे असे समजावे. हातांच्या आधाराशिवाय एकदाही उठता आले नाही तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला भेटावे.

व्यायाम त्याच कृतीचा. खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, पाच वेळा. थोडे थांबून पुन्हा पाच वेळा. मग स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे. मग ओटा धरूनच एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवून दहा सेकंद स्थिर राहणे, पाय बदलून पुन्हा. तोल सांभाळला जाऊ लागला की ओट्यावरचा हात एका बोटावर आणावा. शेवटी आडवे चालणे, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोंड न वळवता. आठवड्यातून किमान तीन दिवस हे करावे. गुडघे झिजलेल्यांनी उकिडवे बसण्याचा हट्ट धरू नये. खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करून घ्यावी. उठताना छातीत दुखणे, धाप, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही झाले तर लगेच थांबावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उभे राहताना चक्कर येत असेल तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. नुकतेच हाड मोडलेले, खुबा किंवा गुडघा बदललेला, पक्षाघात झालेला असेल त्यांनी हे व्यायाम विचारूनच सुरू करावेत.

हे सारे करायला वीस मिनिटे पुरतात. नात मैदानावर असते तीच वेळ यासाठी सोयीची, कारण तेव्हा घर शांत असते आणि ओटा मोकळा असतो. शुश्रूषा करणारी सून किंवा लेक त्या वेळी घरात असेल तर तिनेही बरोबर उभे राहावे. दिवसभर दुसऱ्याला उचलून तिच्या कमरेवर ताण आलेला असतो, आणि पाळी थांबण्याचे तिचे वयही फार दूर नसते.

शाळेच्या स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून अमरावती विभाग आणि मग राज्य अशी चढण असते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. घरातल्या कर्त्यांना हाडांचे गणित पटले नाही तर निदान हे पटेल. सगळ्याच मुली दिल्लीपर्यंत जाणार नाहीत, बहुतेक जणी तालुक्यालाच थांबतील. हाडांना त्याने फरक पडत नाही. मुलगी खेळून परतली की हातपाय धुऊन तिला आधी वाढावे, भाजीवर लिंबू पिळून. तिला चहा हवाच असेल तर तो जेवणानंतर तास-दीड तासाने.